लिस्बनमध्ये आई बोलली

लिस्बनमधला आमचा शेवटचा दिवस. सकाळ बॅगा भरण्यात गेली आणि हाताशी एक दुपार उरली. मला टेकडीवरचा किल्ला बघायचा होता, मग नदीकाठचा जुना मठ. न्यूझीलंडमधल्या पापाकुराहून इतक्या लांब पुन्हा कधी येणं होणार? हॉस्पिटलच्या वॉर्डमधून तीन आठवड्यांची रजा मिळवतानाच माझ्या नाकी नऊ आले होते.

बरोबर आई होती. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे न्यूझीलंडला आली, त्याला दोन वर्षं झाली. पण इंग्रजीच्या धास्तीने घराबाहेर तिचं तोंड उघडत नसे. शेजारीण रोज कुंपणावरून ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करायची, आई नुसती हसायची. साताऱ्याच्या मंडईत भाजीवाल्यांना जेरीस आणणारी बाई ही!

किल्ल्याचा चढ निम्मा झाला आणि तिचे गुडघे कुरकुरायला लागले.

“तू जाऊन ये. मी बसते इथे,” म्हणत ती एका छोट्या वाणसामानाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर टेकली.

तासाभराने परत आले तर बाक रिकामा. तिने फोनही खोलीवरच ठेवला होता. इतक्यात दुकानातून तिचा खणखणीत आवाज आला, “अगंबाई, बटाट्याला बटाटाच म्हणता?”

आत गल्ल्यामागे आईच्याच वयाची दुकानदारीण. दोघींचा खेळ रंगात आला होता. आई वस्तूवर बोट ठेवायची, बाई तिचं नाव सांगायची. साबणाला ‘सबांव’. अननसाला ‘अननाश’. बाईने कंबरेची किल्ली दाखवून ‘शाव’ म्हटलं, तशी आई टाळी वाजवून ओरडली, “चावी!” पोर्तुगीजांकडून आलेले हे शब्द मी शाळेत पाठ केले होते. आईला ते त्या दुपारी भेटले. नाशपातीला ‘पेरा’ म्हटल्यावर मात्र तिला राहवेना. “छे! पेरूला आत बिया असतात, गच्च,” असं तिने चांगलं पाच मिनिटं मराठीतून समजावलं. बाईने गंभीरपणे ऐकून पोर्तुगीजमधून तितकंच लांबलचक उत्तर दिलं.

“आई, मठ बंद होईल.”

“होऊ दे. मठात माझं कोण आहे?”

बाईने आम्हाला स्टुलं दिली, पाव कापला, चीज काढलं. भिंतीवर एका मिशाळ गृहस्थांचा फोटो होता. बाईने त्याच्याकडे बघून बोट वर आकाशाकडे नेलं. आईनेही तसंच बोट वर केलं. मग बाईने आईच्या ताटलीत आणखी एक पावाचा तुकडा ठेवला.

निघताना दोघींनी एकमेकींचे हात धरले. आई म्हणाली, “येते हं.” बाईला ते बरोबर कळलं.

उतरून आम्ही नदीवर गेलो. आईने चपला काढल्या आणि शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले.

“विमान सकाळचं आहे ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मग बस की जरा.”

मी बसले.