एका बंडलात किती बायका

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी एम.ए.ला बाहेरून बसले होते. विषय स्त्री-अभ्यास. लेखी पेपर सुटले होते. प्रबंध तेवढा राहिला होता आणि नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती. मुदत टळली असती तर सुटलेले पेपरही वाया गेले असते. प्रबंधासाठी मी कारखान्यात शिवून झालेल्या जीन्सचे लोंबते धागे घरबसल्या कापणाऱ्या उल्हासनगरच्या बायका हा विषय घेतला. मी राहते त्या खरवईहून उल्हासनगरचा कॅम्प तीन हा भाग काही लांब नाही. जवळच्या विषयाची माहिती जवळच मिळेल, असा माझा हिशेब होता आणि तो पहिल्याच आठवड्यात चुकला.

घराजवळच्या वाचनालयात मी स्त्रियांविषयीची पुस्तकं मागितली. ग्रंथपालांनी न बघता कोपऱ्यातलं कपाट दाखवलं. त्यात लोणची, विणकाम, बाळाचं संगोपन आणि रांगोळ्या होत्या.

"बायकांच्या कामावर काही आहे का? मजुरीवर?" मी विचारलं.

"वहिनी, हेच की सगळं बायकांचं काम," ते म्हणाले.

मग सायबर कॅफे. तिथे प्लायवूडची खुराडी केलेली होती आणि प्रत्येकाला पडदा. मालकाने माझं ओळखपत्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं. या वयाची बाई एकटी येऊन दोन-दोन तास काय करते, हे त्याला कळेना. एकदा त्याने पडदा बाजूला सारून आत डोकावलं.

"मॅडम, चॅटिंग नाही ना?"

"वाचतेय."

"इतकं?" असं म्हणून तो गेला, पण पडदा अर्धा उघडाच ठेवून गेला. मलाही ते बरं वाटलं.

मराठी पानं उघडली की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, म्हणून इंग्रजी पानांवरच भागवावं लागे. तिथे मला हवा तो आकडा सापडला, की आमच्या भागात धागे कापणाऱ्या बायका किती. एका पानावर मिळाला, मग दुसऱ्यावर, असं करत पाच ठिकाणी. आकडा शेवटच्या अंकापर्यंत तोच. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. मी आमच्या सोसायटीचे हिशेब बरीच वर्षं बघितले आहेत. पाच जणांनी वेगवेगळं मोजलं तर थोडाफार तरी फरक पडतो. फरक अजिबात नाही म्हणजे एकाने मोजलं आणि चौघांनी उचललं. पाचही पानं शेजारी ठेवून वाचली तेव्हा वाक्यंसुद्धा तीच निघाली.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मूळ छापील अहवाल शोधा. आकड्याशिवाय तिसरं प्रकरण उभं राहणार नाही. आणि चांगले प्रबंध आपण यंदापासून वेबसाइटवर टाकणार आहोत, तेव्हा नीट करा."

मूळ अहवाल मुंबईत बायकांच्या प्रश्नांवरच्या एका ग्रंथालयात निघाला. तिथल्या बाईंनी आधी मॅडमचं पत्र मागितलं, मग पिशवी बाहेर ठेवायला लावली, मग पेन काढून घेऊन हातात पेन्सिल दिली. मला त्यांचा राग आला नाही. इथे निदान कोणीतरी काहीतरी राखत होतं. अहवाल साधा, टंकलिखित, कोपरे दुमडलेला होता. मी थेट शेवटी गेले, कारण माहिती कशी गोळा केली ते बहुतेक शेवटीच बारीक अक्षरांत असतं. तिथे लिहिलं होतं की बायकांची संख्या कारखान्यांच्या मालकांना विचारून घेतली आहे.

घरी येऊन मी भागाकार केला. त्याच अहवालात कारखान्यांतून रोज किती पँटी बाहेर पडतात तेही होतं. त्याला बायकांच्या संख्येने भागलं तर एकेका बाईच्या वाट्याला इतक्या पँटी आल्या की तिला ना स्वयंपाक करता आला असता ना झोपता. तरी खात्री करावी म्हणून मुलाच्या नव्या जीन्सवर लोंबणारे धागे मी घड्याळ समोर ठेवून कापले. यजमान पेपरावरून बघत होते.

"पास झालीस की कारखान्यात लागणार का?" ते म्हणाले.

उत्तर तेच आलं. एका बाईचं हे काम नव्हे.

कॅम्प तीनला बाजारात शेअर रिक्षाने जाताना एक बाई भेटली. मांडीवर, पायांत आणि अर्धी माझ्या अंगावर अशी तिची पँटींची गाठोडी होती. मी सोबत उतरले आणि एक गाठोडं उचलायला हात दिला. तिने मदत घेतली, पण माझ्याकडे संशयाने बघितलं.

"म्युनिसिपाल्टीतून आलाय?"

"नाही. परीक्षेला बसलेय. तुमच्या कामावर लिहायचंय."

"या वयात परीक्षा?" ती हसली. "एवढं शिकून धागे मोजायला आलात होय."

तिच्या घरापर्यंत गेल्यावर मला तो भागाकार डोळ्यांनी दिसला. बोळातच तिने बंडल सोडलं. आजूबाजूच्या घरांतून बायका आल्या, त्यांत एक अगदी म्हातारी होती. कोणी काही विचारलं नाही. प्रत्येकीने आपला वाटा मोजून घेतला आणि त्याला आपल्या रंगाची चिंधी बांधली, कोणाची लाल, कोणाची पिवळी. सकाळी माल परत आला की कोणाच्या पँटीत धागा राहिला, कोणाची कात्री कापडाला लागली, हे चिंधीवरून कळायचं. मग ही बाई चिंध्या सोडून सगळं पुन्हा एक करायची आणि कारखान्यात आपल्या एकटीच्या नावावर जमा करायची.

"कारखान्याचा शेठ सगळ्यांना वेगवेगळं का देत नाही?" मी विचारलं.

"पँट हरवली तर धरायला एक मानूस पायजे ना त्याला. बोलतो, एक घर, एक बाई. माल दुसरीकडे गेला की बंडल बंद. आमच्या पलीकडच्या बोळातलं असंच बंद झालं." मग तिचा आवाज बदलला. "तुम्ही हे लिहिणार?"

मी लिहिणारच होते. त्याच्यासाठीच तर आले होते. अहवालातली एक बाई म्हणजे प्रत्यक्षात एक बोळ, हा माझा सगळ्यात मोठा शोध होता. मी म्हटलं, "नाव नाही घालणार."

"नाव नको, बोळ नको, शेठ नको," ती म्हणाली. "तो कॉम्प्युटरवाला आहे. त्याचा पोरगा सगळं बघतो त्यात. आणि आता चहा नाही विचारत मी, जावा तुम्ही."

शेठला हे माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही. ज्याला पँटीवरची बटणं मोजता येतात त्याला माझा भागाकारही येत असणार. पण त्याला येतो म्हणून मी तो त्याच्या तोंडावर मांडावा असं होत नाही. कळूनही न कळल्यासारखं चाललं होतं तोवर त्या बोळात काम होतं.

मॅडम म्हणाल्या, "हे तुमचं प्रत्यक्ष निरीक्षण आहे ना? मग ठिकाण, कारखाना, तारीख, सगळं घाला. त्याशिवाय कोण मानेल?"

मी घातलं नाही. तिसऱ्या प्रकरणात मी पाच पानांचा मूळ आकडा एकच कसा, तो मालकांकडून कसा आला आणि भागाकार केल्यावर तो का टिकत नाही, एवढंच लिहिलं. बंडल वाटून घेतलं जातं हे लिहिलं, पण कॅम्पचा नंबरसुद्धा दिला नाही. चिंध्यांचा उल्लेख काढून टाकला, कारण चिंध्या त्या बोळाची खूण होती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे एक सर आले होते. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं.

"हे कुठे पाहिलंत?"

"सांगता येणार नाही, सर."

"मग खरं कशावरून मानायचं? उद्या कोणीही काहीही लिहील."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मलाही तसंच वाटलं असतं. भागाकार मात्र तुम्ही करून बघा. त्याला कोणाचं नाव लागत नाही."

त्यांनी खरंच कॅल्क्युलेटर मागवला. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. सरांनी आकडे टाकले, परत टाकले, आणि ओठ मुडपून पुढचं पान उलटलं. मला दुसरा वर्ग मिळाला. संदर्भ अपुरे, असा शेरा पडला. वेबसाइटवर ज्यांचे प्रबंध गेले त्यांत माझा नव्हता. ते मला कमीपणाचं वाटलं आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही झालं.

त्यानंतर काही महिन्यांनी कॅम्प तीनला पडदे घ्यायला गेले होते. शेअर रिक्षात ती बाई समोर बसली होती, मांडीवर गाठोडं, पायांत दोन; म्हणजे बंडल चालू होतं. मी हसले. तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मग रस्त्याकडे तोंड फिरवलं आणि उतरेपर्यंत ओळख दाखवली नाही. ती गाठोडी उतरवत होती तेव्हा मी हात पुढे केला नाही.