गोळ्या आल्या न्हाईत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला तरी कुठून सांगायला घ्यावं — बघा, आत्ताच अडखळलो.

दादापासून घेतो. माझा थोरला भाऊ. वहिनी लेकरांना घेऊन गावात, आणि हा वर्षातले आठ महिने मेंढरांमागं. खतासाठी आज ह्याच्या वावरात कळप बसव, उद्या त्याच्या. मी मात्र जवळा बाजार ह्या गावी शिलाईचं दुकान टाकून सावलीला बसलो.

एकदा बाभळीचा काटा रुतून दादाचा पाय पिकला. चीर देण्याआधी खासगी डॉक्टरनं रक्त तपासलं आणि रिपोर्ट बघून लांबूनच म्हणाला, "दुसरीकडं न्या." हिपॅटायटिस बी. तीन दवाखाने फिरलो तेव्हा कुठं त्या पायाला कुणी हात लावला. सरकारी दवाखान्यात मात्र त्याच्या लिव्हरसाठी गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं — बरं वाटलं तरी एक दिवस चुकवायचा नाही, मध्येच बंद केल्या तर आजार उसळेल. दर महिन्याला जिल्ह्याला जाऊन गोळ्या आणायचं काम मी अंगावर घेतलं. मोठ्या तोऱ्यात घेतलं.

पण गोळ्यांच्या त्या खिडकीपुढं उभा राहणारा कसला पेशंट, हे अख्ख्या व्हरांड्याला ठाऊक. मला लाज वाटायची. तरी पाच-सहा महिने गेलो. मग माझी सोयरीक जमली, आणि नेमके त्याच व्हरांड्यात मुलीचे मामा समोर आले.

"पाव्हणं, तुमी हितं? काय तकलीफ हाय?"

"ओळखीच्या एकाच्या गोळ्या न्यायच्यात," मी म्हणालो.

ओळखीचा एक! ज्यानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तो. पण एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पुढच्या महिन्यात मी गेलोच नाही. दादाचा फोन आला तेव्हा म्हणालो, "गोळ्या आल्या न्हाईत."

त्यानं लगेच मानलं. का मानू नये? औषध संपलंय, साहेब रजेवर आहेत, उद्या या — आमच्यासारख्यांना ह्याची सवयच असते. "येतील की. तू नको जिवाला लावून घेऊ," म्हणाला. उलट माझीच समजूत! लग्न उरकेपर्यंतच, असं मी मनाशी म्हणत राहिलो. तीन महिने म्हणत राहिलो.

हळदीच्या दिवशी दादा आला. डोळे पिवळे.

"नवरदेवापरीस भावालाच हळद जास्ती लागली!" बायकांनी चेष्टा केली. सगळे हसले. दादाही हसला. आणि मी — मीही हसलो.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मीच त्याला दवाखान्यात नेलं. पोट फुगलेलं, पाय सुजलेले. गोळ्या का बंद केल्या, डॉक्टरांनी विचारलं. दादा म्हणाला, "तुमच्याकडंच आल्या नव्हत्या साहेब." तशी खिडकीवरच्या सिस्टरनं वही आणून दाखवली. गोळ्या दर महिन्याला होत्या. न्यायलाच कुणी आलं नव्हतं.

दादानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लहानपणी माझ्या हातून कोकरू हरवलं की बघायचा, तसं. मग डॉक्टरांना म्हणाला, "मीच सोडल्या साहेब. मेंढरांच्या नादात ध्यानात न्हाई राहिलं."

डॉक्टर त्याला खूप बोलले. जीव एवढा स्वस्त वाटतो का, म्हणाले. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मी शेजारी पिशवी धरून उभा होतो. काय बोलायचं होतं मला? एवढंच — की साहेब, ह्याला नका बोलू, मला बोला. नाही बोललो. भित्रा होतो, दुसरं काय.

त्यानंतर दीड महिना दादा जगला. वहिनीलाही त्यानं तेच सांगितलं — मीच इसरलो. माझ्याशी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही. केसपेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात तेच आहे — 'पेशंटने स्वतः औषध बंद केले.' तो कागद माझ्या मशीनच्या खणात असतो.

वहिनी अजून दादावरच चिडते. परवा लेकराच्या शाळेचा ड्रेस शिवायला आली होती. दुकानात बसून म्हणाली, "सोताच्या हातानं गेले बघा भाऊजी. लेकरांचा बी इचार केला न्हाई."

मी "व्हय" म्हणालो, आणि मशीन चालवत राहिलो.