एडाच्या मागावरचा धोटा

इंग्लंडातल्या बर्नलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या हिल्डाआजीला पुढचे दात नव्हते. कापडगिरणीत धोट्याच्या भोकातून तोंडाने सूत ओढून ओढून ते किडले. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या या धोट्याला आमच्याकडे शटल म्हणतात. तिची धाकटी बहीण एडा शेजारच्याच मागावर होती. एके सकाळी एडाचा धोटा मागातून उडाला आणि त्याचं लोखंडी टोक तिच्या कानशिलात घुसलं. पोरगी जागीच गेली. दुपारी त्या निर्लज्ज मुकादमाने माग पुसून घेतला आणि त्यावर हिल्डालाच उभं केलं.

परवा इस्पितळाची फुकट बस आली. पाटीवर लिहिलं होतं, शटल. म्हातारी चढेना.

"अगं आजी, ही नुसती येजा करते म्हणून शटल," इंग्रजी शिकवणारी नात जॅनिस वैतागली. "बॅडमिंटनचं शटल, अंतराळात जातं तेही शटलच!"

"पण हे नाव काढलं कुणी?"

"फार जुनं आहे. हजार वर्षांपूर्वी फेकून मारायच्या बाणाला म्हणायचे."

"बाणाला?" हिल्डाआजी फुटपाथवरच थबकली. "म्हणजे तेव्हापासून ठाऊक होतं. आणि मेल्यांनी मागाला एक साधी जाळी लावली नाही."