पाहुण्यांची निजानीज

शेजारच्या आजी घर सोडून गेल्या तेव्हा त्यांचा पक्षी आमच्याकडे आला. कॉकटील जातीचा, अंगानं राखाडी, तोंड पिवळं, दोन्ही गालांवर नारिंगी ठिपके आणि डोक्यावर तुरा. तुरा ताठ झाला की समजायचं, स्वारी चिडली आहे किंवा घाबरली आहे. आमच्याकडे आल्यापासून तो तुरा ताठच होता.

आजी बर्फावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा दुसऱ्या राज्यात राहतो. त्यानं येऊन धावपळ करून त्यांची सोय एका असिस्टेड लिव्हिंगमध्ये लावली. माणसांची देखभाल तिथे उत्तम होते, पण पक्षी चालत नाहीत. सोडून दिलेले पक्षी सांभाळणाऱ्या एका संस्थेशी तो बोलूनही आला होता. आजींनी आमचं नाव पुढे केलं, तेव्हा तो मला म्हणाला, "थोडे दिवस बघा. नाही जमलं तर मला फक्त कळवा, मी त्याला तिकडे पोचवीन." मुलगा भला आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्याच संध्याकाळी आजींनी माझा हात धरून सांगितलं, की या वयात हा पक्षी आणखी अनोळखी हातांत गेला तर जगायचा नाही. मुलापुढे त्या हे बोलल्या नव्हत्या.

आता मी नाही कसं म्हणणार? माझी मुलगी जन्मली तेव्हा माझी आई नव्हती आणि सासूबाईंचा व्हिसा लटकला होता. परदेशात, या ईडन प्रेरी गावात आम्ही नवे, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि मुलगी दिवस मावळला की जी रडायला लागायची ती थांबायचीच नाही. आजी रोज संध्याकाळी बूट झटकत आत यायच्या, बाळ माझ्या हातातून घ्यायच्या आणि वरच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "गो, स्लीप." मी जायचे आणि मेल्यासारखी झोपायचे. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ काही दिलं, पण झोप दिली ती याच बाईनं. तेव्हा पक्षी ठेवून घेणं हा आमच्याकडे चर्चेचा विषयच नव्हता.

चर्चा सुरू झाली ती तो कुठे ठेवायचा यावर. सासूबाई आता दरवर्षी सहा महिने आमच्याकडे असतात. मी म्हटलं, मागची खोली शांत आहे, तिथे ठेवू. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं, कुणाच्या घरचा जीव आपल्याकडे आलाय. पाहुण्याला मागच्या खोलीत कोंडायचं?"

"आजी, ही इज नॉट अ गेस्ट, ही इज अ बर्ड," माझी मुलगी सासूबाईंना म्हणाली.

"तू गप गं. चार माणसांत बसू दे त्यांना."

त्या क्षणापासून तो आमच्या घरी 'पाहुणे' झाला, तोही आदरार्थी बहुवचनात. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर सासुरवाडीला मिळाला नसेल असा मान त्याला मिळाला. पिंजरा हॉलच्या मधोमध, टीव्हीसमोर, सगळ्यात मोठ्या दिव्याखाली. शेजारी देवघर, पलीकडे उघडं किचन.

थंडीत आमच्याकडे पाचच्या आत अंधार पडतो. अंधार पडू लागला की पाहुणे एका पायावर उभे राहून मान पिसांत घालायला बघत. आणि नेमकी तीच आमच्या घराची दिवेलागणीची वेळ. तिन्हीसांजेला घरात कुणी आडवं व्हायचं नाही, सगळे दिवे लागले पाहिजेत, हा सासूबाईंचा जन्माचा नेम. तापानं फणफणलेल्या माणसालाही त्या वेळी त्या उठवून बसवतात. पाहुणे पेंगायला लागले की त्या पिंजऱ्यावर टिचकी मारत. "उठा, उठा. दिवे लागले. आता झोपू नये." मग उदबत्ती, मग सीरियल, मग आमची जेवणं, फोडणी, मिक्सर आणि नवऱ्याचे भारतातल्या टीमबरोबरचे कॉल, जे तो फोनशिवाय तिकडे ऐकू जावेत अशा आवाजात घेतो. हे सगळं आटोपल्यावर आम्ही पाहुण्यांना झाकायचो.

झाकायचो तेही कसं! आजींनी पिंजऱ्याबरोबर एक जुनी चादर दिली होती. सासूबाईंना ती मळकट वाटली. त्यांनी ती घमघमणाऱ्या साबणात धुऊन घडी करून ठेवून दिली, कारण परत देताना स्वच्छ द्यायला हवी. त्याऐवजी गावाहून आणलेली गोधडी काढली. चांगली चार साड्यांची, जाड. "थंडी केवढी आहे," असं म्हणत ती चहूबाजूंनी खाली खोचली. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. आम्हाला वाटलं, केवढी ही बडदास्त.

पाहुणे दिवसेंदिवस चिडके होत गेले. दाणे टाकायला गेलं की फिस्स करत. दुपारी बसल्या जागी डुलक्या घेत आणि दचकून उठत. आजी रोज फोन करून एकच विचारत, "झोपतो ना नीट?" आणि मी "हो हो, मस्त" म्हणत असे. खुबा मोडलेल्या बाईला आणखी काय सांगायचं?

मग एका पहाटे बर्फ काढणारी गाडी आमच्या रस्त्यावर आली. तिचं पातं खरवडल्याचा आवाज, पिवळ्या दिव्याची उघडझाप, आणि त्याबरोबर हॉलमधून अशी धडपड ऐकू आली की मला वाटलं कुणीतरी जिन्यावरून पडलं. गोधडी ओढून काढली तर पक्षी पिंजऱ्यात सैरभैर उडत होता, गजांवर आपटत होता, आणि खालच्या कागदावर रक्ताचे थेंब. पंखाचं एक कोवळं पीस मुळाशी मोडलं होतं. सासूबाईंचा हात हळदीच्या डब्याकडे गेला. फोनवर सापडलेल्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कॉर्नफ्लोअर दाबायला सांगितलं. मुलीनं त्याला टॉवेलमध्ये धरलं आणि मी ते दाबलं. रक्त थांबलं. पण माझ्या बोटांखाली त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की मला रडूच आलं.

नवरा हळू आवाजात म्हणाला, "यार, आपल्याला नाही जमत आहे हे. आजींच्या मुलाला कळवू या का?"

"आजींना तू सांगणार असशील तर कळव," मी म्हटलं. मी नको इतकं तोडून बोलले, पण तो चूक नव्हता म्हणूनच मला राग आला होता.

दुपारी मी आणि सासूबाई आजींना भेटायला गेलो. काही बोलायचं नाही असं मी गाडीत दहादा बजावलं होतं. आजी खिडकीशी बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि नेहमीचा प्रश्न आला. मी "मस्त" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"नो स्लीप," त्या म्हणाल्या. "बर्ड नो स्लीप. ब्लड. नाऊ ओके. यू टेल, व्हॉट यू डू?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आजी रडल्या नाहीत की घाबरल्या नाहीत. उलट सरसावून बसल्या, आणि मला दिसलं की इथे आल्यापासून कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना त्यांच्या कामाचं काही विचारत होतं. पिंजरा कुठे आहे? वर काय घालता? आत उजेड किती? मी दुभाषी. गोधडीचं वर्णन ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि हसायलाच लागल्या. मग एकेक सांगितलं. अंधार पडू लागला की त्याला शांत खोलीत न्यायचं. वर पातळ, बिनवासाचं कापड घालायचं, तीन बाजूंनी, चौथी उघडी. खोलीत बारीक दिवा हवाच, कारण मिट्ट काळोखात हे पक्षी दचकले तर आपण कुठे आहोत हेच त्यांना कळत नाही आणि ते आपटून घेतात. झोपायच्या दांड्याजवळचा झोका काढून ठेवायचा. आणि रोज निजवताना तेच शब्द म्हणायचे. त्या स्वतः म्हणायच्या, "नाईट नाईट, हँडसम."

परतताना मी आणि सासूबाई हायवेला लागलो. मला वाटलं, तिन्हीसांजेचा प्रश्न आता पेटणार. मग त्या एकदम स्वतःवरच करवादल्या.

"मी काय मूर्ख बाई गं! आमच्यात कोंबड्या दिवेलागणीच्या आधी डालग्याखाली डालायच्या. माझंच काम होतं ते. एक दिवस उशीर झाला तर सासरे ओरडायचे. जन्मभर कोंबड्या डालल्या आणि या पाहुण्याला मात्र सीरियल बघायला बसवलं."

"आई, म्हणजे काखेत कळसा..."

"बोल, बोल. तुला संधीच पाहिजे."

त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. चुकलं हे एवढ्या मोकळेपणानं मान्य करणारी माणसं मी आमच्या ऑफिसात अजून शोधते आहे.

पाहुण्यांचा मुक्काम सासूबाईंच्या खोलीत हलला, म्हणजे ज्या मागच्या खोलीवरून वाद झाला होता तिच्या शेजारच्याच. मी त्यावर बोलले नाही, हे नमूद करून ठेवते. गोधडी कपाटात गेली आणि त्यांच्या जुन्या सुती साडीचं एक पान, नुसत्या गरम पाण्यात धुतलेलं, पिंजऱ्यावर आलं. उघडी बाजू त्यांच्या पलंगाकडे. मुलीनं भिंतीच्या सॉकेटला लावायचा छोटा दिवा आणला. देवाजवळची उदबत्ती बंद झाली, निरांजन तेवढं राहिलं. धूर पक्ष्याला सोसत नाही हे कळल्यावर देवानंही फार ताणलं नाही. नवरा बेसमेंटमध्ये जाऊन कॉल घेऊ लागला. संध्याकाळी आमच्या घरात एवढी शांतता मी लग्नानंतर प्रथमच ऐकली, आणि खरं सांगते, तिचाही फायदा मलाच झाला.

एका गोष्टीला मात्र सासूबाई तयार होईनात. "परपुरुषाला मी हँडसम म्हणणार नाही." मग त्यांनी आपले शब्द शोधले. साडीचं पान सारखं करत त्या म्हणायच्या, "निजा आता, पाहुणे." रोज तेच, त्याच सुरात. सुरुवातीला तो मान वाकडी करून बघत राहायचा. पहिल्या काही रात्री सासूबाई स्वतः नीट झोपल्या नाहीत. जरा खुडबुड झाली की पडल्यापडल्याच पुन्हा म्हणायच्या. हळूहळू तुरा खाली बसू लागला. मोडलेल्या पिसाच्या जागी नवं डोकावलं. बर्फाची गाडी पुन्हा आली तेव्हा तो दचकला, दिव्याकडे बघितलं आणि परत एक पाय पोटाशी घेतला. सासूबाईंनी हे मला सकाळी नातवाच्या पहिल्या पावलासारखं सांगितलं.

आजींना मी खरं काय ते कळवत होते. पण कळवणं वेगळं आणि बघणं वेगळं. म्हणून एका संध्याकाळी निजायच्या वेळी त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सासूबाईंच्या उशीला टेकवून ठेवला. आजी साधा फोन करतात, पण व्हिडिओचं त्यांना फार जमत नाही. हिरवं बटण कुठलं हे मी त्यांना कितीदा दाखवलं असेल. पडद्यावर आधी छत दिसलं, मग कपाळ, मग एकदाचा चेहरा.

सासूबाईंनी साडी टाकली, तीन कडा सारख्या केल्या, आपले शब्द म्हटले आणि पलंगावर बसल्या. पक्ष्यानं अंग फुलवलं. तुरा मागे पडला. आणि मग तो बारीक करकर आवाज सुरू झाला. वरची चोच खालच्या चोचीवर घासण्याचा. पूर्ण निर्धास्त असल्याशिवाय हे पक्षी झोपेआधी तो आवाज करत नाहीत, असं आजींनीच सांगितलं होतं. आमच्याकडे तो मी प्रथमच ऐकत होते.

मी पडद्याकडे बघितलं. आजींचे ओठ हलत होते. त्यांचेच ते शब्द, मला ओठांवरून वाचता आले. पण आवाज येत नव्हता. नेटवर्क गेलं असेल म्हणून मी वाकून बघितलं, तर कोपऱ्यात माइकच्या चित्रावर तिरपी रेघ होती. व्हिडिओ कॉल उचलायचा कसा हे ज्यांना आठवत नव्हतं, त्या बाई कुणाकडून तरी आपला आवाज बंद करायला शिकून बसल्या होत्या. आपला आवाज ऐकला तर तो जागा होईल, आपल्याला शोधेल, आणि मग इथे झोपणार नाही.

मी काही बोलले असते तर तोच जागा झाला असता, म्हणून नुसते हात जोडले. त्यांनी मान हलवली. पक्षी चोच घासत राहिला, आणि तो थांबेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.