राजोडीची भरती

अगं मेघना, इकडे ये, अशी माझ्याजवळ बस. शाळेत लागून वर्ष झालं नाही, तोवर नववीला समुद्र मोबाइलवर दाखवलास म्हणे. विरारहून रिक्षा केली की समुद्र चपला ओल्या करतो, आणि तू व्हिडिओ लावतेस. मुलांना बाहेर नेलं की गडबड होते, असं म्हणालीस ना? होते. आमची झालेली ऐक.

भूगोल माझा विषयच नव्हता. मी मराठीची बाई. भूगोलाचे सर सोडून गेले आणि पुस्तक माझ्या हातात आलं. मग समुद्र मी वाचून आणि राजोडीला जाऊन बघून बघून शिकले. वर्गात भरती-ओहोटी शिकवली, तर एकाने विचारलं, "बाई, ओहोटीला पाणी कुठे ठेवतात?" म्हटलं, यांना न्यायलाच हवं.

आमचे हेडमास्तर साताऱ्याकडचे. म्हणाले, "समुद्र पुस्तकात आहे की, बाई." मी काही पिच्छा सोडला नाही. शेवटी म्हणाले, "न्या. पण गडबड झाली तर ही पहिली आणि शेवटची. पुढच्या वर्गांना पुस्तकच."

दिवस मी अमावास्येचा धरला. त्या दिवशी चंद्र आणि सूर्य एका बाजूने ओढतात, म्हणून पाणी जास्त चढतं. त्याला उधाण म्हणतात. आपल्याकडे तेव्हा पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी गेलं की पाणी चढताना दिसतं. पालकांच्या ग्रुपसाठी हे सगळं मी नीट लिहून दिलं. सर म्हणाले, "एवढं कोण वाचतंय? थोडक्यात पाहिजे." आणि स्वतः कापून पाठवलं: "रविवारी सकाळी आठ वाजता राजोडी किनाऱ्यावर भरती. बूट घालून यावे. उशिरा येणाऱ्यास घेतले जाणार नाही."

रविवारी मुलांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. पाणी पुढे आलं की नव्या कडेला दुसरी. छान चाललं होतं. मागे वळून बघते तर दांडग्या पोरांचा हा घोळका. हातात फायली, पायात रनिंगचे बूट. दोघं-तिघं जागच्या जागी उड्या मारतायत.

एकजण पुढे आला. "मॅडम, उंची आधी की छाती आधी?"

"कुणाची?"

"आमची. पोलीस भरती इथंच ना? मामाने मेसेज फॉरवर्ड केला."

मी तोंड उघडणार, तोच काठीपाशी उभी असलेली आमची श्रुती ओरडली, "बाई, भरतीची लाइन इथपर्यंत आली."

झालं. सगळे धावत जाऊन तिच्या मागे उभे. उंचीप्रमाणे.

त्यांना समजावतेय, तेवढ्यात सर हजर. कुणीतरी फोन केला होता. स्कूटर थेट ओल्या वाळूवरून शेवटच्या काठीपर्यंत आणली, तिथेच स्टँडला लावली, आणि चार पावलं वर येऊन मला म्हणाले, "बाई, ही कसली गर्दी? बास. मुलांना गोळा करा. सहली बंद."

"सर, गाडी."

"गाडीचं राहू द्या."

"सर, भरती."

"भरतीचं नंतर बघू म्हणतोय ना."

श्रुती शांतपणे म्हणाली, "सर, नवी काठी तुमच्या गाडीच्या अलीकडे रोवावी लागली."

सरांनी वळून पाहिलं. चाकं पाण्यात, आणि स्टँड वाळूत रुतत चाललेला. सर धावले, ढकलली, हलेना. तशी ती उंचीप्रमाणे लावलेली रांग मोडली. "चला रे, हीच आपली टेस्ट," म्हणत पोरांनी स्कूटर उचलली आणि सुरूच्या झाडांखाली नेऊन ठेवली. एकजण सरांना विचारत होता, "सर, आता तरी घ्याल ना?"

सरांनी पँट पिळली. मग मुलांसमोर, जरा घसा खाकरून, म्हणाले, "पाणी अजून किती वर येईल, बाई?"

"बारापर्यंत चढेल."

"मग थांबू की."

थांबलो. पोरं पण थांबली. आमच्या डब्यातले पोहे खाऊन, काठ्या रोवून गेली.

सोमवारी सरांनी बोलावलं. "आठवीला कधी नेताय? मेसेज मात्र तुम्हीच लिहा."

तेव्हा थोडक्यात लिहायला हरकत नाही, मेघना. फक्त काटछाट करताना समुद्र गाळायचा नाही. बाकी तारीख-वेळ मी काढून देते. निर्मळला आमच्या घरी ये लवकर, वाडीतली वेलची केळी पिकायला आलीत. तुझ्या हेडमास्तरांनाही आण. त्यांना म्हणावं, गाडी आमच्या अंगणात लावा.