राजीनामा मी मागून घेतला होता

आमच्या मराठी मंडळात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. शारजाच्या औद्योगिक भागातल्या कंपनीत मी उमेदीची सगळी वर्षं घालवली, म्हातारपणी कंपनीने मला काढलं आणि तिथल्या मंदूबाने फसवून राजीनाम्यावर सही घेतली, म्हणून माझा बेरोजगारीचा विमा बुडाला. यातलं फसवणुकीचं खोटं आहे. ते मी पसरवलं. आता हा देश सोडून मायदेशी चाललोय, तेव्हा मंडळाच्या अंकात ते खोडून जातो. कुणाला आवडो न आवडो.

मंदूब म्हणजे कंपनीची व्हिसाची आणि सरकारी कागदांची कामं करणारा माणूस. आमचा मंदूब रत्नागिरीकडचा मुसलमान, माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा. मला काका म्हणायचा. कुटुंबासकट आपल्या मंडळात यायचा.

नव्या मॅनेजरने मला उभ्या उभ्या सांगितलं, "खलास, अंकल. थँक यू." तिथून मी मंदूबाच्या केबिनमध्ये गेलो. तो कागद तयारच करत होता.

"काका, कंपनीने काढलं असं लिहितो. मॅनेजरला पटवलंय मी. निदान काही महिने विम्याचे पैसे येतील."

"काढलं? मी काय चोरी केलीय?"

"चोरीचं कोण बोलतंय? इथे नोकऱ्या जातात. परवा माझ्या सख्ख्या मेहुण्याची गेली."

"तुझ्या मेहुण्याशी माझी बरोबरी करू नकोस. राजीनामा लिही."

"राजीनाम्याला विमा नाही, काका. एक दिरहम मिळणार नाही. घरी जा, काकूंना विचारा, उद्या या."

"मला भीक नको. यल्ला, चल, कागद काढ."

त्याने पुन्हा एकदा समजावलं. मी पुन्हा झिडकारलं. शेवटी "तुमची मर्जी" म्हणून त्याने कागद पुढे सरकवला. अरबी आणि इंग्रजी, दोन्हींत होता. मी तो नीट वाचून सही केली.

का केली, ते तुम्हाला माहीत असायला हवं. मंडळाचा अध्यक्ष म्हणून हातात बटाटेवड्याची बशी घेऊन मी कितीदा म्हणालो असेन, "काही केल्याशिवाय कंपनी कुणाला काढत नाही हो." एकदा तर ज्याची नोकरी गेली होती त्याच्या तोंडावर म्हणालो. तुम्ही हसला होतात. आता तुम्ही माझ्याकडे बघून हसणार, ही कल्पना मला सहन होईना. राजीनामा दिला म्हटलं की मान ताठ राहते.

ताठ मानेला कुणी नोकरी देईना. माझ्या वयाच्या माणसाचा अर्ज लोक पूर्ण वाचतही नव्हते. घरभाड्याच्या चेकची तारीख जवळ आली तसा माझा ताठा उतरला. अबुधाबीहून मुलगा सुट्टीला आला होता, त्याच्याकडून मोबाइलवर विम्यासाठी अर्ज भरून घेतला. कुणी इतकं बारकाईने बघत नसेल, असं मनाला समजावलं होतं. अर्ज फेटाळला गेला.

"बाबा, इट सेज रिझाइन्ड," मुलगा म्हणाला. "व्हाय वुड यू रिझाइन?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"मी कुठे दिला राजीनामा? त्या मंदूबाने अरबी कागदावर सही घेतली. मला काय कळतंय त्यातलं?"

"तरी मी सांगत होते," बायको म्हणाली, "त्या लोकांवर एवढा विश्वास ठेवू नका."

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

पुढचं काम तुम्ही केलंत. "तरीच एवढा गोड बोलायचा," एक म्हणाला. दुसऱ्याला त्याच्या जुन्या भानगडी आठवल्या, ज्या घडल्याच नव्हत्या. त्याच्या मुलीला स्नेहसंमेलनात निवेदन करायचं होतं. पोरगी घरी इंग्रजीत बोलणारी, पण तिने मराठी निवेदन पाठ केलं होतं. कार्यकारिणीत कुणीतरी सुचवलं, "या वर्षी नको, वातावरण बरं नाही." अध्यक्षाच्या खुर्चीत मी होतो. मी मान हलवली.

त्याचा फोन आला. "काका, तुम्ही लोकांना काय सांगितलंत?" मी फोन कापला. ते कुटुंब पुन्हा मंडळात आलं नाही.

परवा तुम्ही माझा निरोपसमारंभ केलात. माईकवरून सांगितलंत, "एका भामट्याने फसवलं, तरी आमचे काका खचले नाहीत." टाळ्या पडल्या. मी शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुबईत अल कुसैसला मंदूबाच्या घरी गेलो. त्याने दार अर्धंच उघडलं.

"बोला, साहेब."

"माझं चुकलं. मला माफ कर."

"कुणासमोर मागताय माफी? या कॉरिडॉरसमोर? बदनामी हॉलमध्ये, आणि माफी माझ्या चपलांच्या स्टँडपाशी?"

"मंडळाच्या अंकात लिहितो."

"लिहा. पण मग सगळं लिहा. मी तुमच्यातला असतो, पुण्याचा कुणी जोशी-कुलकर्णी असतो, तर हे खोटं तुमच्या घरात तरी चाललं असतं का? त्याचं उत्तर लिहा."

आतून मुलीचा आवाज आला, "अब्बा, हू इज इट?"

"नोबडी," तो म्हणाला आणि त्याने दार लावलं.

उत्तर लिहितो. चाललं नसतं. बायकोनेच विचारलं असतं, "तुम्ही न वाचता सही केलीत? तुम्ही, जे दुधाच्या बिलावरसुद्धा भांडता?" तिने विचारलं नाही. मुलाने विचारलं नाही. तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. कुणाचं नाव पुढे केलं की पुढचा प्रश्न येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी त्याचंच नाव घेतलं.