डोंगरावर जाणारे पाद्री

लाटंबार्सेच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा दर मंगळवारी एक पाद्री बसमधून उतरत, झगा वर खोचत आणि औषधांची पिशवी घेऊन डोंगरावर वानरमारे जमातीच्या पाल्याच्या खोपींकडे चालू लागत. रानातल्या त्या माणसांना बाटवायलाच हे जातात, असं गावात सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

एका मंगळवारी ते धापा टाकत शाळेच्या दारात आले. "मास्तर, बाळंतीण आहे. रक्त थांबत नाही. खाली आणायला माणूस हवा."

दांड्याला गोधडी बांधून त्यांनी, मी आणि तिच्या नवऱ्याने आळीपाळीने तिला रस्त्यावर आणलं. साठी उलटलेले पाद्री वाटभर तिच्याशी तिच्याच बोलीत बोलत होते. मला त्यातला एकही शब्द कळत नव्हता.

एका ट्रकवाल्याने आम्हाला डिचोलीला दवाखान्यात पोचवलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "वाचली." मग कारकून कागद घेऊन आला आणि पाद्रींकडे पाहत म्हणाला, "धर्म ख्रिश्चन लिहू?"

मी कान टवकारले.

"माका कित्याक विचारता?" चष्मा पुसत पाद्री म्हणाले. "ती शुद्धीवर आहे, तिलाच विचारा. आणि आधी नाव विचारा."

कारकून खाटेकडे वळला. बाईने घाबरून पाद्रींकडे पाहिलं. त्यांनी हलकेच मान डोलावली, तेव्हा तिने अडखळत नाव सांगितलं.

त्या डोंगराच्या पायथ्याशी मी सात वर्षं शिकवत होतो. तिथल्या एका माणसाचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.